आधी रक्त, मग गोळी: हृदयाच्या आतल्या संसर्गाचे आकडे

रुग्ण २,७८१, देश २५, रुग्णालये ५८. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेल्या, म्हणजे एंडोकार्डायटिसच्या रुग्णांची ही मोठी आंतरराष्ट्रीय नोंद २००० ते २००५ या काळात झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९६ टक्के रुग्णांना ताप होता. बोटांच्या टोकांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी, ज्यांना डॉ. विल्यम ऑस्लर यांचे नाव मिळाले आहे, त्या मात्र ३ टक्के रुग्णांतच दिसल्या. तळहात-तळपायांवरचे न दुखणारे जेनवे यांचे डाग ५ टक्क्यांत, डोळ्याच्या पडद्यावरचे रॉथ यांचे डाग २ टक्क्यांत आणि नखांखालच्या रक्ताच्या बारीक रेघा ८ टक्क्यांत.

वैद्यकाच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारल्या जातात त्या याच चार खुणा. ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमध्ये या आजारावर व्याख्याने दिली, तेव्हा रुग्ण महिनोन्‌महिने झिजत असे आणि औषध कोणतेच नव्हते. खुणा उमटायला भरपूर वेळ मिळायचा. वर सांगितलेल्या नोंदीतले ७७ टक्के रुग्ण पहिल्या लक्षणानंतर महिनाभरातच रुग्णालयात पोहोचले होते. इतक्या लवकर त्या खुणा उमटतातच असे नाही. म्हणून हात पाहिले, नखे पाहिली, काही दिसले नाही, तर एवढ्यावर हा आजार नाही असे कुणी म्हणू नये. आणि ताप तर आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी असतो. या आजाराचे निदान अवघड का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आजार होतो कसा, ते थोडक्यात पाहू. हृदयाचे कप्पे आणि झडपा यांना आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. दात घासताना, अगदी घास चावतानाही तोंडातले थोडे जंतू रक्तात उतरतात आणि धडधाकट माणसाच्या शरीरात काही मिनिटांत नाहीसे होतात. पण झडप आधीच खराब असेल, तर तिथे रक्ताचा प्रवाह वेडावाकडा आदळतो, अस्तर खरचटते आणि त्यावर प्लेटलेट व फायब्रिनचा थर बसतो. रक्तातून जाणारा जंतू त्या थरात अडकला की तिथेच वाढतो. जंतू आणि थर यांचा मिळून जो गोळा तयार होतो, त्याला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. पांढऱ्या पेशी त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून अँटिबायोटिक शिरेतून आणि बहुधा चार ते सहा आठवडे द्यावे लागते. गोळ्याचा तुकडा सुटला तर तो मेंदूत, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात जाऊन अडकतो. झडप कुरतडली गेली तर हृदय निकामी होऊ लागते.

आता व्याप्ती. २०१९ साली जगभरात या आजाराचे सुमारे १० लाख ९० हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ६६ हजार मृत्यू, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ३ ते १० रुग्ण हा सर्वसाधारणपणे मानला जाणारा दर. तो सांगली-मिरज-कुपवाडसारख्या, २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांच्या वस्तीच्या शहराला लावून पाहिला, तर वर्षाला १५ ते ५० रुग्ण येतात. त्याच शहरात त्याच वर्षी डेंगी, टायफॉइड, मलेरिया आणि साध्या विषाणूंचे ताप किती हजार असतील? गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरसमोर असा रुग्ण काही वर्षांतून एखादाच येणार, आणि तोही इतर शंभर तापांसारखाच कण्हत येणार. या आजाराचा संशय पहिल्या दिवशी आला नाही म्हणून त्या डॉक्टरला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

पण हा दर सगळ्यांना सारखा लागू नाही, आणि निदानाची वाट तिथूनच सुरू होते. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांत हा संसर्ग दरवर्षी ०.३ ते १.२ टक्के लोकांना होतो. लाखाच्या हिशेबात मांडले तर ३०० ते १,२००. म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या सुमारे शंभरपट. पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेला रुग्ण, पेसमेकर असलेला, डायलिसिससाठी शिरेत नळी असलेला, जन्मतःच हृदयात दोष असलेला, हे सगळे त्याच वरच्या गटात येतात. अशा माणसाच्या तापाला इतरांच्या तापाचा न्याय लावता येत नाही.

भारतात या गटाचा चेहरा वेगळा आहे. युरोपातील नोंदींत रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आसपास असते. दिल्लीच्या एम्समध्ये १९८१ ते १९९१ या दशकात नोंदलेल्या १९० प्रसंगांमध्ये ते होते २५ वर्षे, आणि ४२ टक्के रुग्णांची झडप ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली होती. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, तो ताप अंगावर काढला आणि पंधरा वर्षांनी झडप आकसली, अशी ही साखळी. २०१५ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे सुमारे १ कोटी ३० लाख रुग्ण होते, आणि त्या एका वर्षातले मृत्यू १ लाख १९ हजारांच्या घरात. यातल्या अनेकांना आपली झडप खराब आहे हे ठाऊकच नसते. बाळंतपणात दम लागतो किंवा असा ताप येतो, तेव्हा ते पहिल्यांदा कळते. एम्सच्या त्या नोंदीतला आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो: रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले ते निम्म्याहूनही कमी रुग्णांत. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जंतू न सापडण्याचे प्रमाण जास्तीत जास्त ३१ टक्क्यांपर्यंत जाते. हा फरक कुठून येतो हे समजण्यासाठी आधी रक्त तपासतात कसे, ते पाहायला हवे.

हॉटेलच्या खोलीतले २० मिलिलिटर

१९११ चा फेब्रुवारी, न्यूयॉर्क. संगीतकार गुस्ताव्ह मालर यांनी २१ तारखेला कार्नेगी हॉलमधली मैफल अंगात ताप असतानाच चालवली; ती त्यांची शेवटची ठरली. त्यांच्या झडपेत दोष आहे हे १९०७ मध्येच कळले होते. त्यांच्या डॉक्टरांनी माउंट सायनाय रुग्णालयातले डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावले. रक्तातले जंतू वाढवून हा आजार ओळखण्यात लिबमन यांचा हातखंडा होता. लिबमन यांनी आपले तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांना सिरिंज, सुई, रस्सा भरलेली पात्रे आणि वितळवलेले आगर घेऊन मालर उतरले होते त्या हॉटेलात पाठवले. बेअर यांनी दंडाच्या शिरेतून २० मिलिलिटर रक्त काढले, काही रश्श्यात सोडले, उरलेले आगरमध्ये मिसळून तिथेच काचेच्या बशांत ओतले. चार-पाच दिवसांनी प्रयोगशाळेत बशांवर जंतूंच्या ठिपक्यांची दाटी झाली होती आणि रश्श्याच्या प्रत्येक पात्रात तोच एक जंतू वाढला होता: तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस विरिडन्स. निदान अचूक होते, पण पेनिसिलिनचा शोध अजून १७ वर्षे दूर होता. मालर यांनी सत्य सांगण्याचा आग्रह धरला, ते ऐकले आणि व्हिएन्नाला परतले. १८ मे १९११ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, ते तिथे गेले.

तपासणीचे तत्त्व आजही तेच आहे. ब्लड कल्चरच्या एका संचात दोन बाटल्या असतात, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि एक हवेविना वाढणाऱ्या. प्रौढ माणसाचे प्रत्येक बाटलीत १० मिलिलिटर रक्त जायला हवे, म्हणजे एका संचाला २०. बेअर यांनी काढले तेवढेच. रक्ताच्या प्रमाणावर इतका भर का? या आजारात रक्तातले जंतू सतत असतात पण थोडे, बहुधा मिलिलिटरला शंभराहूनही कमी. दोन मिलिलिटर घेऊन भागवले तर ते हाती लागतीलच असे नाही.

संच किती घ्यायचे? रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या एका अमेरिकन अभ्यासात २४ तासांत घेतलेल्या पहिल्या संचात सुमारे ७३ टक्के संसर्ग पकडले गेले, दोन संचांत मिळून ९० टक्के, तीन संचांत ९८ टक्के. म्हणून युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे किमान तीन संच, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, दर वेळी नवी शीर टोचून घ्यायला सांगतात. ताप चढायची वाट पाहायची गरज नाही, कारण जंतू सतत असतात. तीन संचांचा आणखी एक फायदा आहे. कातडीवरचा जंतू सुईबरोबर एका बाटलीत शिरू शकतो. तोच जंतू तीन वेगळ्या टोचण्यांत तीनदा निघाला तर तो रक्तातलाच समजावा.

रक्त नीट घेणे हे हाताचे कसब आहे. क्लोरहेक्सिडिन मिसळलेल्या स्पिरिटने कातडी पुसायची आणि ती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे. शीर कुठे आहे हे पाहायला पुन्हा बोट लावायचे नाही. बाटलीचे रबरी बूचही पुसायचे. सलाईनच्या जुन्या सुईतून रक्त ओढायचे नाही. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लहान गावातून जिल्ह्याच्या लॅबला नमुना पाठवताना ही चूक सहज होऊ शकते. यातल्या कशालाच महागडे यंत्र लागत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. गंभीर जंतुसंसर्ग घेऊन आलेल्या ३२५ रुग्णांवर एक नेटका अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाचे रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतले आणि नंतर दोन तासांच्या आत पुन्हा घेतले. आधीच्या रक्तात ३१.४ टक्के रुग्णांत जंतू सापडले. नंतरच्या रक्तात १९.४ टक्क्यांत. दोन तासांत! हे एंडोकार्डायटिसचेच रुग्ण नव्हते, हे खरे. पण या आजाराबद्दल वैद्यकीय ग्रंथांत दिलेला अंदाजही त्याच दिशेचा आहे: आधी अँटिबायोटिक पोटात गेले असेल, तर जंतू सापडण्याची शक्यता ३५ ते ४० टक्क्यांनी घटते.

आपल्याकडे तापाची वाट कशी चालते, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम, अनेकदा चिठ्ठीविना. ताप उतरतो, आठवड्याने परत येतो. मग विडाल, मलेरिया, डेंगी, आणि दुसरे अँटिबायोटिक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुग्ण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तिथे ब्लड कल्चर घेतात आणि पाच दिवसांनी अहवाल येतो: जंतू वाढले नाहीत. त्या गोळ्यांनी आजार बरा केलेला नसतो. जंतू झडपेवर तसेच असतात, रक्तात मात्र दिसेनासे झालेले असतात. सगळ्या ‘निगेटिव्ह’ अहवालांचे कारण एवढेच नाही. कॉक्सिएला आणि बार्टोनेला असे काही जंतू नेहमीच्या बाटलीत वाढतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांची वेगळी तपासणी करावी लागते. गुरे-शेळ्यांमध्ये राबणाऱ्या माणसाचे कल्चर निगेटिव्ह आले तर कॉक्सिएलाची आठवण व्हायलाच हवी. पण टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण तीच आधीची गोळी आहे, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधे २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत, म्हणजे ती देताना दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची असते. ती वही प्रामाणिकपणे भरली गेली, तर या आजाराच्या निदानालाही हातभार लागेल.

‘टूडी इको नॉर्मल’ म्हणजे काय?

निदानाचा दुसरा पाय म्हणजे इको. छातीवरून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या टूडी इकोत मूळ झडपेवरची व्हेजिटेशन सुमारे ७० टक्के रुग्णांत दिसते, कृत्रिम झडपेवरची अवघ्या ५० टक्क्यांत. धातूच्या झडपेची सावली पडते आणि तिच्यामागचे काही दिसत नाही. अन्ननलिकेत नळी उतरवून केलेल्या इकोत, ज्याला टीईई म्हणतात, हेच प्रमाण अनुक्रमे ९६ आणि ९२ टक्के होते, कारण अन्ननलिका हृदयाला अगदी पाठीमागून चिकटून जाते. संशय दाट असेल आणि पहिला इको स्वच्छ आला असेल, तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेवढ्या दिवसांत दोन मिलिमीटरचा गोळा सहा मिलिमीटरचा झालेला असू शकतो. म्हणून केसपेपरवर ‘इको नॉर्मल’ एवढेच लिहून फाईल बंद करणे धोक्याचे. कोणता इको, कितव्या दिवशी, कोणत्या झडपेचा, हे तीनही लिहिलेले हवे.

एका तपासणीने भागत नाही, म्हणून गुणांची बेरीज करायची पद्धत आली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून १९९४ मध्ये हे निकष आले, २००० मध्ये सुधारले गेले, आणि २०२३ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर बदलले. दोन प्रमुख निकष, किंवा एक प्रमुख आणि तीन गौण, किंवा पाच गौण जमले तर निदान निश्चित. एक प्रमुख व एक गौण, किंवा तीन गौण जमले तर ‘शक्य’.

उदाहरणच घेऊ. समजा, २४ वर्षांची एक तरुणी आहे. ऱ्हुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप आकसलेली आहे. हा एक गौण निकष. तीन आठवडे ताप आहे, ३८.४ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या थोडा वर. निकष ३८ पासून लागू होतो, म्हणून हा दुसरा गौण. डाव्या कुशीत दुखते म्हणून पोटाचा सीटी स्कॅन केला, तर प्लीहेचा एक भाग रक्तपुरवठा तुटून मेलेला दिसला, हा तिसरा. साध्या इकोत काही नाही. इथे तिचे रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतले असेल आणि दोन वेगळ्या संचांत विरिडन्स जातीचा स्ट्रेप्टोकॉकस निघाला असेल, तर एक प्रमुख निकष जमला. एक प्रमुख अधिक तीन गौण: निदान निश्चित, जंतू माहीत, पेनिसिलिन चालेल का तेही माहीत. तीच तरुणी, तोच आजार, पण आधी दहा दिवस गोळ्या घेतलेल्या. कल्चर निगेटिव्ह. हाती राहतात तीन गौण: ‘शक्य’. मग टीईई, मग प्रतिपिंडे, आणि तोवर चार-सहा आठवडे अंदाजाने दिलेली दोन-तीन औषधे, त्यातले एखादे मूत्रपिंडाला झेपेल का याची रोजची काळजी. हा सगळा फरक रक्त कोणत्या दिवशी घेतले एवढ्यावरून पडला.

२०२३ च्या निकषांनी काही दारे उघडली. रक्तातल्या जंतूंची रेण्वीय तपासणी, हृदयाचा सीटी, पेट-सीटी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनने डोळ्यांनी पाहिलेला संसर्ग, हे सगळे आता प्रमुख निकषांत मोजता येते. पेट-सीटीचा खरा उपयोग कृत्रिम झडपेत होतो, आणि तोही ती बसवून तीन महिने उलटल्यावर; आधीच्या काळात शस्त्रक्रियेची सूजच चमकत राहते. ॲमस्टरडॅममध्ये संशयित रुग्णांवर हे निकष पडताळले, तेव्हा खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८४ टक्के त्यांत ‘निश्चित’ ठरले. २००० च्या निकषांत ७५ टक्केच ठरले होते. प्रगती खरी आहे. पण पेट-सीटी मुंबई-पुण्यात मिळेल, गडचिरोलीत मिळणार नाही, आणि बाटली व सुई दोन्हीकडे मिळते.

निदान झाल्यावर जंतूचे नाव का हवे, याचे एक उदाहरण. ४० देशांतल्या ३,११६ रुग्णांच्या युरो-एंडो नोंदीत, ज्यांच्यात जंतू सापडला त्यांपैकी ६.६ टक्के रुग्णांत स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस निघाला. हा जंतू मोठ्या आतड्यात राहतो, आणि त्याच्या रुग्णांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण इतके वाढलेले असते की कोलोनोस्कोपी करायलाच सांगतात. कल्चर निगेटिव्ह असते तर तो कर्करोग शोधायचे कारणच कुणाला मिळाले नसते. त्याच नोंदीत ताप ७७.७ टक्क्यांनाच होता. वृद्ध, पेसमेकरवाले, आधी औषध घेतलेले यांच्यात ताप नसूनही आजार असू शकतो. वजन घटणे, दम लागणे, एकाएकी लकवा ही त्यांची लक्षणे. तरुण माणसाला लकवा आणि ताप एकत्र दिसले, तर हृदय तपासल्याशिवाय त्याला सोडू नये.

त्या नोंदीत १७.१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. साधारण सहातला एक. आणि मेंदूत गुठळी जाण्याचा धोका उपचाराच्या पहिल्या आठवड्यात दर हजार रुग्ण-दिवसांमागे ४.८२, तर दुसऱ्या आठवड्यात १.७१ इतका मोजला गेला आहे. म्हणजे योग्य औषध सुरू झाले की धोका एका आठवड्यात जवळपास एकतृतीयांशावर येतो.

रुग्ण गंभीर असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर अँटिबायोटिकला क्षणभरही उशीर नको. तिथेही इंजेक्शनच्या आधी दोन संच घ्यायला काही मिनिटेच लागतात. पण झडपेचा आजार, कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा जन्मजात हृदयदोष असलेल्या आणि चालत-बोलत दवाखान्यात येणाऱ्या माणसाला घाई नसते. तुमच्या घरात असे कुणी असेल आणि कारण न सापडणारा ताप असेल, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. हृदयाची फाईल सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, झडपेचे पहिल्या वाक्यातच सांगा, आणि गोळी लिहून देण्याआधी ब्लड कल्चर घ्यायचे का, हे स्पष्ट विचारा.